मान न हलवता

त्या रविवारी आमच्या घरात पहिला संशय घेतला गेला तो यंत्रावर. साहजिकच होतं. माणसावर संशय घ्यायचा तर आधी थोडी ओळख लागते, आणि तो हेडसेट घरात येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. माझी मुलगी संजना पर्वरीच्या एका कंपनीसाठी घरी बसून संगणकावरचे खेळ तपासते. म्हणजे खेळते, आणि खेळ कुठे अडला ते लिहून पाठवते. असंही काम असतं, हे डिचोलीच्या बाजारात भेटणाऱ्या ओळखीच्यांना पटवता पटवता माझी दोन वर्षं गेली. आता कंपनीने तिला हे धूड पाठवलं होतं. डोळ्यांवर चढवून मागे पट्टा आवळायचा, आत दोन भिंगं, प्रत्येक डोळ्यापुढे वेगळा पडदा, आणि मागून निघालेली जाड वायर थेट तिच्या संगणकात. तिच्या खोलीत हात पसरायला जागा नाही म्हणून सगळा संसार हॉलमध्ये आला. सोफा भिंतीला लागला, दोन कोपऱ्यांत वर दोन काळे डबे बसले, आणि वायर पायांत येऊ नये म्हणून ती चतुर्थीला गणपतीवर फळांची माटोळी बांधतो त्या छताच्या कड्यांमधून ओवली गेली. "देवाच्या कडयेंक वायर?" म्हणून माझ्या बायकोने, विनोदिनीने, नाक मुरडलं आणि मग सगळ्यांत आधी तिनेच तो डोळ्यांवर चढवून घेतला. आत समुद्राचा तळ होता. एक कासव तोंडापाशी आलं तशी ती "अगो बाय, नाकाक लागता गो!" असं ओरडत मागे सरली आणि धपकन सोफ्यावर बसली. आम्ही पोट धरून हसलो. मग माझी पाळी आली.

खेळ सुरू करण्याआधी हा हेडसेट माणसाचे डोळे शिकून घेतो. एक हिरवा ठिपका समोर येतो, त्याच्याकडे बघायचं. तो कोपऱ्यात जातो, तिकडे बघायचं. असं आठ-दहा वेळा केलं की तो 'झालं' म्हणतो. मला तो 'परत करा' म्हणाला. मी आज्ञाधारक माणूस आहे, भूमापन खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून सत्तावीस वर्षं काढली आहेत. परत केलं. सात वेळा केलं. "दाव्या कुशीचो कॅमेरा गेलो दिसता," संजना म्हणाली, आणि तो परत पाठवायचा म्हणून खोक्यात भरायलासुद्धा लागली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने तो पुन्हा आईला घालायला लावला. एका फटक्यात झालं. स्वतः घातला, झालं. शेजारच्या फ्लॅटमधली पूजा विरजण मागायला आली होती, तिच्यावरही चढवला. हातात वाटी धरून उभ्या उभ्या तिचंही झालं. पुन्हा मी. परत करा. असा तो संशय घरभर फिरून शेवटी माझ्यापाशी येऊन थांबला.

समोरच्या माणसाची नजर कुठे लागली आहे ते संजनाला तिच्या पडद्यावर दिसतं, दोन डोळ्यांचे दोन ठिपके; माझा डावा ठिपका भलतीकडेच होता. हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा तिने नुसतंच दुसरं काहीतरी सुरू केलं. आता माझ्यापुढे एक रिकामी करडी जागा होती आणि तीत दोन रिंगा अधांतरी होत्या, एक तांबडी, एक निळी. "पपा, खंयची लागीं आसा?" कुठली जवळ? मी बघितलं, म्हणालो, "तांबडी." बरोबर. तिने रिंगा हलवल्या. "आतां?" "निळी." तेही बरोबर. मला जरा हुरूप आला. तेवढ्यात ती म्हणाली, "पपा, तूं मान हालयता." "मगे कितें, मान काडून मेजार दवरूं?" मी म्हणालो. विनोदिनी हसली. संजना हसली नाही. ती जवळ आली आणि तिने माझ्या दोन्ही कानांवर तळहात ठेवून डोकं घट्ट धरलं. "आतां सांग." त्या क्षणी त्या रिंगा एकाच कागदावर काढल्यासारख्या झाल्या. जवळ काय, दूर काय, काही उरलंच नाही. दोन गोल होते, बस्स. मी काहीतरी ठोकून दिलं. ती विचारत राहिली, मी ठोकत राहिलो. वीस वेळा विचारलं, त्यातली अकरा बरोबर आली. डोळे मिटून बोललो असतो तरी तेवढी आलीच असती.

पण मला हबकायला झालं ते त्या आकड्यांनी नाही, तिच्या हातांनी. माझं डोकं असंच, इतकंच घट्ट, याआधी एकदा कुणीतरी धरलं होतं. ते तळहात ओले होते आणि त्यांना चिकणमातीचा वास येत होता. प्रश्नही हाच होता. "खंयचें मुखार आसा रे? सोंड काय हात? मान हालय नाका. सांग." मी हेडसेट काढला. हॉलमध्ये लख्ख उजेड होता, अकरा वाजले होते, खाली पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजून गेला होता आणि विनोदिनी उंड्यांची पिशवी उघडत होती. संजना माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मला ओळखीचं वाटलं. आपल्या माणसाचं काहीतरी आपल्याला कळलंय आणि त्याला कळलेलं नाही, अशा वेळी माणूस जसा बघतो तशी ती बघत होती. "तुका खोल दिसना, पपा," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे?" "म्हणजे... ती कदेल मुखार आसा आनी वणत फाटल्यान, हें तुका दिसना." मी चिडलो. खुर्ची पुढे आणि भिंत मागे हे मला ठाऊक नाही? "तें तूं जाणा," ती हळूच म्हणाली. "पूण तुका दिसना."

मला ठाऊक आहे पण दिसत नाही. हे वाक्य मी त्या दिवशी जेवताना, हात धुताना, वामकुक्षीला पडल्यावर उलटंसुलटं करून बघितलं. डावा डोळा जरा मंद आहे हे मला माहीत होतं. चष्मेवाले दर वेळी त्या बाजूला काच बदलून बदलून बघायचे आणि "हे एवढंच येतं" म्हणून सोडून द्यायचे. घरातला एखादा दिवा अंधुक जळतो तसं मी ते धरून चाललो होतो. दुसरा दिवा आहेच की. पण लोकांना दोन डोळ्यांनी मिळून तिसरंच काहीतरी दिसतं, वस्तू त्यांच्या अंगावर येतात, मागे जातात, त्यांच्यामध्ये हवा असते, हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं; सांगणार कोण, त्यांना तरी ते आपल्याला मिळालंय हे कुठे ठाऊक असतं! मग एकेक गोष्टी उठून उभ्या राहायला लागल्या. आमच्या घरात चहा नेहमी विनोदिनी ओतते, कारण मी ओतला की कपाच्या अलीकडे सांडतो. जिना उतरताना मी शेवटच्या पायरीला पायाने चाचपतो. कुणी किल्ली फेकली की मी ती घरंगळत गेल्यावर शोधून आणतो. गावी, मयेच्या पटांगणात, पोरं मला सीमारेषेवर उभा करायची आणि "धांवता बरो, पूण धरूंक कळना" म्हणायची. लग्नात मी घातलेला हार विनोदिनीच्या एका कानावर अडकला होता, आणि तिच्या माहेरचे अजून त्यावरून माझी फिरकी घेतात. ह्या सगळ्याला मी आणि माझी माणसं वेंधळेपणा म्हणत आलो. गौरेश वेंधळा, एवढं म्हटलं की भागत होतं. मी बिछान्यावर एक डोळा झाकून पंख्याकडे बघत होतो आणि माझ्याच जन्माची दया येत होती, आणि राग येत होता, आणि ह्या दोहोंच्या खाली काहीतरी होतं ज्याच्याकडे मी बघायचं टाळत होतो.

ते होतं मयेचं घर. माझे वडील बाबाजी चितारी. आमची गणपतीची चित्रशाळा. पावसाळ्यात लोक आपापला पाट आणून द्यायचे, पाटाच्या पाठीवर खडूने घराण्याचं नाव, आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसलेला गणपती घेऊन जायचे. आजोबांच्या वेळेपासून घरं ठरलेली. बाबा साचा वापरत नसत. मी थोरला. सहाव्या वर्षापासून मी माती तुडवत होतो, मळत होतो, बाबांच्या हाताखाली उंदीर आणि मोदक वळत होतो, आणि बाबांची बसायची जागा पुढे माझी होणार ह्यात मला तरी काही शंका नव्हती. धाकटा भाऊ सगुण असायचा कुठेतरी आसपास. त्याच्याकडे मी कधी नीट बघितलं असेन असं वाटत नाही. तेराव्या वर्षी मी एक गणपती एकट्याने केला. वीतभर उंचीचा. आठ दिवस त्याच्या पाटापुढे मांडी ठोकून बसलो, कुणाला हात लावू दिला नाही. मग बाबांना हाक मारली. ते समोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की तो मी कधी विसरलो नाही. पुढचं मात्र मी सदतीस वर्षं एकाच तऱ्हेने आठवत आलो होतो: त्यांनी माझं डोकं धरून काहीतरी विचित्र विचारलं, मला दरदरून घाम फुटला, आणि मग त्यांनी माझा गणपती दोन्ही अंगठ्यांनी दाबून मोडला आणि ती माती मोठ्या गोळ्यात मिसळून टाकली. त्या शुक्रवारी ते मला म्हापशाच्या बाजाराला घेऊन गेले आणि एक भलामोठा कंपास बॉक्स घेऊन दिला. शनिवारी सकाळी बाबांच्या शेजारी, माझ्या जागेवर, सगुण बसलेला होता.

"तूं आतां रंग कर," बाबा मला म्हणाले. "डोळे तूंच आंखपाचे." गणपतीचे डोळे आखणं हे आमच्यात शेवटचं आणि सगळ्यांत मोठं काम; ते बाबांखेरीज कुणी करत नसे. पण मला ती लाच वाटली. माझी माती काढून घेतली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, ज्याला धड उंदीर वळता येत नाही अशा पोराला दिली, आणि मला रंगांच्या वाट्या! मी एक पावसाळा रंगवलं आणि कुंचला ठेवला तो ठेवलाच. शाळा, मग आयटीआय, मग खात्यात नोकरी. सपाट कामात माझा हात कुणी धरू शकत नाही. डोंगर असो, खाडीकाठचं खाजन असो, खाणीचा खड्डा असो, माझ्या कागदावर तो असा नीट झोपतो की साहेब लोक बघत राहतात. आता कळतं ते का. पण तेव्हा मला एकच ठाऊक होतं, की बाबांनी माझ्यावर अन्याय केला, आणि सगुणने तो मुकाट्याने खिशात घातला. ह्या रागावर मी उभा होतो. माणूस नोकरीवर, देवावर, बायकोवर उभा राहतो, तसा मी ह्याच्यावर. बाबा गेले अकरा वर्षांपूर्वी. बाराव्याला सगळे सोयरे जमले होते, पंगत बसली होती, सगुण भात वाढत होता, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मोठ्याने म्हणालो की बाबांनी चोरी केली आणि तू चोरीच्या मालावर बसला आहेस. पंगत गार पडली. सगुणने माझ्या पानावर भात वाढला आणि पुढे गेला. त्या वर्षापासून मी माझा पाट कारापूरच्या चित्रशाळेत देतो. चिताऱ्याच्या थोरल्या मुलाने आपला पाट परक्या चिताऱ्याकडे द्यायचा! मयेत लोकांनी तोंडात बोटं घातली. आणि सगुण? तेव्हाही गप्प. त्याच्या गप्प राहण्याला मी गुन्ह्याची कबुली म्हणत होतो, आणि ते म्हणताना मला बरं वाटत होतं.

आता त्या रविवारी, दुपारी, पंख्याखाली, ती आठवण बाजूने फिरली. दुसरा शब्द सुचत नाही. सदतीस वर्षं मी तो गणपती समोरूनच आठवत होतो, कारण समोरून तो सुंदर होता. पण बाबांनी पाट फिरवला होता. डोकं धरण्याच्या आधी त्यांनी पाट हळूच काटकोनात फिरवला होता, आणि मीही ते बघितलं होतं. बाजूने गणपतीला पोट नव्हतं. सोंड छातीला चिकटलेली, गुडघे मांडीत गेलेले, सगळा मिळून जाड भाकरीएवढा. भाकरीवर कुणी नखाने गणपती कोरावा तसा. मला जसा दिसत होता तसा मी तो केला होता. बाबांचा उजळलेला चेहरा कसा विझला तेही मला आता दिसलं. आणि मग ते हात. ते रागाचे नव्हते. चार-पाच वेळा विचारून झाल्यावरही त्यांनी माझं डोकं लगेच सोडलं नव्हतं. नुसतेच धरून उभे राहिले होते. हे सगळं माझ्यापाशी होतं इतकी वर्षं, आणि मी ते पुरून ठेवलं होतं. मी उठून बसलो. बाबांनी अन्याय केला नसेल तर मग अकरा वर्षं मी सगुणशी जे वागलो ते काय होतं, आणि त्याचं उत्तर कुणी द्यायचं?

मंगळवारी म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. संजना बरोबर यायचं म्हणत होती, मी नको म्हटलं. बाई तरुण होत्या. त्यांनी कसले कसले दिवे मारले, ठिपक्यांची एक वही दाखवली, त्या वहीतून म्हणे एक माशी उठून वर येते. माझी माशी काही उठली नाही. आळशी डोळा, त्या म्हणाल्या, लहानपणापासून. डोळा तसा धड आहे, पण मेंदूने त्याचं ऐकणं कधीच सोडून दिलं आहे. सातव्या-आठव्या वर्षाच्या आत चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली असती तर सुधारला असता, आता ह्या वयात कठीण. "लहानपणी कुणी तपासलं नव्हतं तुम्हांला?" नाही, मी म्हणालो. पैसे देऊन बाहेर आलो, पायाने चाचपत जिना उतरलो, आणि खाली बाजाराच्या गर्दीत, केळीवाल्यांच्या रांगेपाशी उभा असताना मला तो शुक्रवार आठवला. कंपास बॉक्सच्या आधीचा भाग. एक काळोखी खोली, एक म्हातारा डॉक्टर, माझ्या तोंडाजवळ आलेला त्याचा सुपारीचा वास. तो बाबांशी पोर्तुगीजमध्ये बोलत होता आणि मला वाटलं होतं की बाबांचा जुना दोस्त असेल. बाबा नुसती मान हलवत होते. मग ते मला दुकानात घेऊन गेले आणि म्हणाले, "तुका जाय तो घे. व्हडलो घे." घरी येताना बसमध्ये त्यांनी माझा हात धरला होता. मी तेरा वर्षांचा, मला लाज वाटली, मी तो सोडवून घेतला. केळीवाली मला विचारत होती, केळी हवीत की नुसता उभा राहणार. मी एक फणी घेतली आणि बसमध्ये ती मांडीवर ठेवून डिचोलीपर्यंत रडलो. पन्नाशीचा माणूस, मांडीवर केळी. लोकांना काय वाटलं असेल ते वाटो.

विनोदिनीला सांगितलं तेव्हा तिने आधी केळी आत नेऊन ठेवली. मग म्हणाली, "पाट दिवपाचे दीस हे. ह्या वर्सा पाट घेवन मयें वच." तिला वाटलं की माफी मागायचा तो सोपा रस्ता आहे, पाट पुढे ठेवायचा, बोलायचं नाही. पण मी पाट नेला नाही. पाट नेला असता तर मी गिऱ्हाईक झालो असतो, आणि सगुणने गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची दिली असती. मी रिकाम्या हातांनी गेलो. शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास. चित्रशाळेत पन्नासेक गणपती ओले बसले होते, अजून रंग नाहीत, डोळे नाहीत, आणि त्यांच्यामध्ये सगुण उकिडवा बसून एकाची सोंड ओढत होता. केस पिकलेत त्याचे. पाठीत बाक आलाय. त्याची बायको तारा दाराशी माती चाळत होती. मला बघून तिने पदर सावरला आणि "भावोजी" एवढंच म्हणाली. सगुणने वर बघितलं, पुन्हा सोंडेकडे बघितलं. मी तयारी करून गेलो होतो, दोन-चार वाक्यं पाठ केली होती. ती सगळी दारातच राहिली.

"सगुण," मी म्हणालो, "म्हजो दावो डोळो काम करिना. ल्हानपणासावन."

त्याचा हात थांबला. त्याने 'कितें?' म्हटलं नाही, 'केन्नासावन?' म्हटलं नाही. तो म्हणाला, "कोणें सांगलें तुका?"

त्या एका प्रश्नावरून मला कळलं, त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. "संजनाच्या यंत्रान," मी म्हणालो. "तें डोळ्यांक लायतात तें. मागीर म्हापशां दोतोरान." त्याने ताराकडे बघितलं, ताराने त्याच्याकडे. "हांवें हिकाय सांगूंक ना," तो मला म्हणाला, शपथ घ्यावी तसा. तारा म्हणाली, "कितें सांगूंक ना?" आणि मग तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता, हातातली माती बोटांत चेपत. म्हापशाहून आलो त्या संध्याकाळी बाबा त्याला तळ्यावर घेऊन गेले. दादाचा एक डोळा गेलेला आहे, म्हणाले, आता येणार नाही. लोकांना कळलं तर त्याला मरेपर्यंत काणो म्हणतील, त्याच्या नावाला ते चिकटेल. त्यालाही कळता कामा नये, तो स्वतःला अर्धा समजायला लागेल. मातीवर तू बस. राग येईल त्याला, तो माझ्यावर येऊ दे, तुझ्यावरही येईल, येऊ दे. कधीच सांगायचं नाही.

"हांवें म्हणलें, बाबा, म्हाका नाका माती," सगुण म्हणाला. "म्हाका गॅरेजींत वचपाचें आशिल्लें. खाणीचे ट्रक आवाजावयल्यान वळखतालों हांव, तुका खबर आसा? खंयच्या ट्रकाक कितें जालां तें. ड्रायव्हर म्हाका विचारताले. तुका खबर ना. तुका म्हजें कांयच खबर ना." त्याने मातीचा गोळा बाजूला ठेवला. "हांव ना म्हणलों आनी बाबा रडलो. हांव इकरा वर्सांचो. बापूय रडटा म्हणटकच कितें करतलों? उतर दिलें." त्याने वचन दिलं होतं.

बाहेर एक कोंबडा उगाच ओरडत होता. मी त्या पन्नास गणपतींमध्ये उभा होतो. अन्याय झाला होता. सदतीस वर्षं मी जे ओरडत होतो ते खोटं नव्हतं. ह्याच जागेवर, माझ्या डोळ्यांदेखत झाला होता. फक्त तो माझ्यावर झाला नव्हता. ज्याला माती हवी होती त्याच्या हातून काढून ती ज्याला नको होती त्याच्या हातात दिली गेली, आणि वर त्याच्या तोंडाला कुलूप; आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याने त्याला भर पंगतीत चोर म्हटलं. आयटीआयला मी गेलो. तो गेला असता. मातीच्या पोत्यांचा एक ढीग होता, त्यावर बसलो. "बाबा गेल्या उपरांत तरी सांगपाचें," मी म्हणालो. "बाराव्याच्या दिसा सांगपाचें आशिल्लें."

"उतर दिल्लें तें बाबाक," तो म्हणाला. "तो मेलो म्हूण उतर मरता?" आणि मग जरा वेगळ्याच स्वरात त्याने विचारलं, "म्हज्या तोंडांतल्यान कळूंक ना न्ही तुका? यंत्रानच न्ही?"

"यंत्रान," मी म्हणालो.

"मगे सपलें तें."

तो उठला. घमेल्यातल्या पाण्यात त्याने हात बुडवले आणि सावकाश, एकेक बोट चोळत, कोपरापर्यंत माती धुतली. पंच्याला पुसले. मला वाटलं की आता तो जवळ येईल, खांद्यावर हात ठेवील. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि असा काही ओरडला की दारावरची कोंबडी उडाली. "दादा, तूं गाढव रे, गाढव! चार गांवांच्या मनशांमुखार म्हाका चोर म्हणलो तूं! भात वाडटालों हांव! तुज्याच पानार वाडटालों! भांडें हातांत आशिल्लें म्हूण, ना जाल्यार थंयच तुका..." तारा धावत आली. "अहो, भावोजी आयल्यात, च्या तरी घेवं दी तांका..." "च्या मागीर!" तो तिच्यावरही ओरडला. "बस थंय! आनी कारापूर! कारापूर, दादा? त्या कारापूरच्या गणपतीचे कान पळयल्यात केन्ना तुवें? सुपां कशे सुपां! बाबाजी चिताऱ्याच्या पुताच्या घरांत तसले कान! दर वर्सा डिचोलेच्या न्हंयेर मुद्दाम येवन पळयतालों हांव तुजो गणपती विसर्जन करतना, आनी लजेन मरतालों!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो थांबत नव्हता. आईच्या आजारपणात मी दोनदाच आलो ते आलं. त्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकून न जेवता गेलो ते आलं. दहाव्या वर्षी मी त्याची सायकलची घंटा मोडली होती तीसुद्धा आली. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं दाराशी उभी राहून ऐकायला लागली. ताराने त्यांना हाकललं नाही, तीच तोंडाला पदर लावून ऐकत होती. खरं सांगायचं तर त्याने थांबू नये असंच मला वाटत होतं. बसल्या बसल्या पोती जरा सारखी केली, पाठ भिंतीला टेकली आणि ऐकत राहिलो. सदतीस वर्षांचं होतं, वेळ लागणारच होता.